चार दाबांचं एक घर

सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

ही डायरी जानेवारीत एका सुताच्या व्यापाऱ्याने दिली होती. दहा महिने कपाटावर पडून होती. आता तिचा उपयोग करणार आहे. माझ्या कॉम्प्युटरचा माऊस खराब आहे असं मनोजशेठना तीन वेळा तोंडी सांगून झालं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "मास्तर, काय ते लिहून ठेवा, एकदम बघू." ठीक आहे. लिहून ठेवतो. तारखेनिशी.

आजची तक्रार: स्क्रीनवरचा बाण जागेवर थांबत नाही. एका घरात टिंब द्यायला नेला आणि बटण दाबलं, की टिंब शेजारच्या घरात. तिथलं पुसायला गेलो तर भलतंच पुसलं जातं. सकाळी दहा ते एक या वेळात मी एक पाकळी काढली आणि ती चार वेळा खोडली.

माझं काम कापडावरच्या नक्षीचं. कापडावर जे फूल दिसतं ते आधी चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढावं लागतं. एक घर म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ते पत्ते लावले की लूमवर तेच फूल विणलं जातं. पंचवीस वर्षं हे काम मी पेन्सिलीने केलं, नारपोलीत याच जिन्यावरच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी शेठनी कॉम्प्युटर आणले, कारण पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, सगळं सीडीवर हवं असतं. पेन्सिलीने मला कधी दगा दिला नाही. हा उंदीर देतो.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

माऊसच्या पोटातली गोळी काढली. आत लूमचा कापूस अडकलेला, जसा आमच्या नाकात अडकतो तसा. स्पिरिटने पुसली. फरक शून्य.

दुपारी समोरच्या मशीनवरच्या मृणालीला म्हटलं, तुझा माऊस दे. मृणाली अंजूरफाट्यावरून येते, दोन मुलांची आई, पत्त्यांचं सगळं सॉफ्टवेअर तीच सांभाळते. बोलायला फटकळ आहे, पण आज काही न बोलता तिने माऊस बदलून दिला. तिचा माऊस माझ्याकडे आला आणि तोही नाचायला लागला. माझा तिच्याकडे गेला आणि गरीब गाईसारखा चालायला लागला!

मृणाली म्हणाली, "मास्तर, हात दुखतो का तुमचा?"

म्हटलं, "हात कशाला दुखेल? टेबल बघ, एक पाय तोकडा आहे."

टेबलाखाली पुठ्ठा घातला.

बुधवार, १६ नोव्हेंबर

कारण सापडलं. खालच्या मजल्यावर चोवीस लूम चालतात. त्यांच्या खडखडाटाने इमारत हलते, इमारत हलते म्हणून टेबल हलतं, टेबल हलतं म्हणून बाण हलतो. इतकी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. मृणालीचं टेबल भिंतीला लागून आहे, म्हणून तिला त्रास नाही. शेठना सांगितलं. ते माझ्या अगदी तोंडाजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बरं, बरं, बघू." हल्ली ते माझ्याशी बोलताना फार जवळ येतात. पूर्वी असे नव्हते. कानाने कमी ऐकू येत असेल.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे वीज नाही, लूम बंद. मुद्दाम ऑफिसला गेलो, चावी माझ्याकडे असते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावला. सगळा रस्ता इतका शांत की समोरच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घालत होतं त्याचाही आवाज येत होता. इमारत हलत नव्हती.

बाण हलत होता.

म्हणजे इन्व्हर्टरचा करंट बरोबर येत नाही. दुसरं काय असणार.

सोमवार, २१ नोव्हेंबर

आज घरातलीच तक्रार. मीरा हल्ली चहा अर्धा कप देते. पंचवीस वर्षांच्या संसारात काठोकाठ कप देणारी बाई, आता अर्धा! विचारलं तर म्हणते, "प्या, संपला की परत देते." परत देते तोही अर्धाच. साखर-पत्ती महाग झाली असेल तर तसं सांगावं माणसाने.

आमची वनिता सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. जेवताना म्हणाली, "बाबा, दोन्ही हात सरळ पुढे धरा बघू." म्हटलं, दिवसभर लॅबमध्ये असतेस, घरी तरी लॅब मांडू नकोस. मीराने तिच्याकडे बघितलं, तिने मीराकडे बघितलं. या दोघींचं काहीतरी चाललेलं असतं. लग्नाचं स्थळ आलं असेल. वेळ आली की सांगतील.

बुधवार, २३ नोव्हेंबर

मोठं काम आलं. मुंबईच्या एका शोरूमच्या मॅडम आल्या होत्या, पूर्वी नावाच्या. त्यांना पडद्याच्या कापडाला किनार हवी आहे. "फुलं-वेली नकोत, काहीतरी इथलं द्या," म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, बगळे. अंजूरच्या खाडीवर ओहोटीला चिखलात बगळे रांगेने उभे असतात, माझं लहानपण ते बघण्यात गेलं. चार बगळे, चार तऱ्हेने उभे, आणि परत पहिल्यापासून. मॅडमना आवडलं. वीस डिसेंबरला नक्षी बघायला येणार. त्यांना पटली तर वर्षभराचं काम आहे, आणि आमच्या चोवीस लूमपैकी निम्म्यांना त्याची गरज आहे.

शेठ खूश. पण जाताना म्हणाले, "मास्तर, जमंल ना? नायतर मी दुसरा मानूस बघतो."

सत्तावीस वर्षांनी हा प्रश्न!

शनिवार, २६ नोव्हेंबर

बगळ्याचा पाय एका घराचा. एकाखाली एक अशी बेचाळीस घरं. यात कला काहीच नाही, शाळेतला मुलगाही काढील. तीन दिवस मी तो पाय काढतोय. एक घर डावीकडे जातं, दोन उजवीकडे. गुडघा नको तिथे येतो.

शेठ मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमचा बगला पिऊन आलाय का?"

आणि हसले. मृणाली हसली नाही. मीही हसलो नाही. मेलेला माऊस, तोकडं टेबल, भुक्कड इन्व्हर्टर, आणि वर थट्टा.

सोमवार, २८ नोव्हेंबर

शेवटी जे व्हायचं ते झालं. सकाळी गेलो तर टेबलावर माऊसच नाही.

मृणाली म्हणाली, "मास्तर, तुमचा माऊस गेला. मागची ती खोच असते ना, पोर्ट, तेच जळालंय. आता कुठलाही माऊस लावला तरी चालायचा नाही."

"मी पंधरा दिवस बोंबलतोय!"

"हो ना. तुमचंच खरं निघालं."

म्हटलं, मग मला तुझ्या मशीनवर बसव. तर तिच्या मशीनला पत्त्यांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप आहे, ते हलवता येत नाही, म्हणून तिला तिथेच बसावं लागतं म्हणे. दुरुस्तीवाला कधी येणार? "शेठना सांगितलंय." म्हणजे पुढच्या दिवाळीला.

मग तिने माझ्या कीबोर्डवर डाव्या हाताने दोन बटणं धरली, ऑल्ट आणि शिफ्ट, आणि उजव्या हाताने नम लॉक दाबलं. कॉम्प्युटर टुंऽऽ करून ओरडला. खाली कोपऱ्यात माऊसचं बारकं चित्र आलं. मग तिने उजवीकडच्या आकड्यांतला सहा दाबला आणि बाण उजवीकडे सरकला. हाताशिवाय! माऊसशिवाय!

"आठ वर, दोन खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. कोपऱ्यातले आकडे तिरके. पाच म्हणजे क्लिक. शून्य दाबलं की बटण धरून ठेवल्यासारखं, टिंब दाबलं की सोडल्यासारखं. मागे माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा क्लासच्या सरांनी शिकवलं होतं."

म्हटलं, "अगं, वीस तारखेला नक्षी द्यायचीय. मी काय हिशेबाच्या आकड्यांनी बगळे काढू?"

ती म्हणाली, "दुरुस्ती होईपर्यंत काढा, मास्तर." आणि आपल्या कामाला लागली.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

हे ज्याने शोधलं त्याला माझ्यासमोर आणा.

आठ वर आणि दोन खाली, इथवर समजलं. पण बटण धरून ठेवलं की बाण आधी मुंगीसारखा चालतो आणि मग एकाएकी सुसाट सुटतो, थांबवेपर्यंत स्क्रीनच्या टोकाला. परत आणायचा. परत सुटतो. कंट्रोल धरून दाबलं तर उड्या मारतो. पाच दाबलं, काही होईना. पाच मिनिटं दाबत बसलो. मृणाली आली, म्हणाली, नम लॉक बंद झालंय. चालू केलं. मग फाइलला नाव द्यायला गेलो, तर आकडा उमटायच्या ऐवजी बाण पळाला. आकडे हवे असतील तर वरच्या रांगेतले घ्यायचे म्हणे. एका घरात दोन चुली!

शून्य दाबून पाय ओढला आणि टिंब दाबायला विसरलो. त्यानंतर बाण जिथे जाईल तिथे काळी रेघ. बगळ्याच्या पायातून निघालेली रेघ त्याच्या डोक्यावरून वरच्या कोपऱ्यात गेली. मी "अरे, अरे" करतोय आणि रेघ चाललीय.

दिवसभराचं काम: अर्धा पाय. बोटांना वात आला. मान धरली. घरी जाऊन मीरावर ओरडलो, अर्धा चहा तसाच ठेवला.

गुरुवार, १ डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. चित्र चारशे टक्के मोठं केलं की एक घर बरोबर चार दाबांचं होतं. दोन, दोन, दोन, दोन, पाच. खालचं घर भरलं. दोन, दोन, दोन, दोन, पाच. त्याच्या खालचं भरलं. बाण ना डावीकडे बघतो ना उजवीकडे. मनगट टेबलावर टेकलेलं असतं, काही धरून ठेवायचं नाही, फक्त बोट खाली दाबायचं. कधी एक दाब जास्तीचा पडतो, तेव्हा उलटा आकडा दाबून मागे यायचं.

बेचाळीस घरं भरली. पाय सरळ आला. खाडीतल्या चिखलात उभ्या बगळ्याचा असतो तसा, काठीसारखा.

पण एका पायाला अख्खा दिवस? यापेक्षा मी हाताने कागदावर… पण कागद कोणाला हवाय आता.

सोमवार, ५ डिसेंबर

दोन बगळे झाले. बोटांना आता सवय झाली आहे, आकड्यांकडे बघावं लागत नाही. म्हणून काही राग गेलेला नाही. शेठ वर आले तेव्हा विचारलंच, "शेठ, पोर्ट कधी दुरुस्त करताय?"

"कसला पोर्ट?"

मृणाली मधेच बोलली, "शेठ, मी तुम्हाला बोलले होते ना ते."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां हां, ते व्हय." मालकाला स्वतःच्या ऑफिसात काय जळालंय याचा पत्ता नाही! मग स्क्रीनवरचे दोन बगळे बघितले. खूप वेळ बघितले. आणि खाली गेले.

मंगळवार, ६ डिसेंबर

दादरला अभिवादनाला जाऊन आलो. रांगेत सहा तास. स्टॉलवर पाणी मिळालं तेव्हा मीराने ग्लास माझ्या हातात न देता माझ्या ओठांना लावला. चारचौघांत! मी काय तान्हं आहे? तिला हे शोभत नाही असं सांगितलं. ती म्हणाली, "गर्दीत सांडेल म्हणून." एवढ्या पाण्यासाठी.

शनिवार, १० डिसेंबर

तिसरा बगळा झाला. हा पंखात चोच खुपसून उभा. तिरक्या रेघेला सात आणि तीनचे आकडे कामाला येतात. मानेचं वळण सहा-सहा-आठ, सहा-आठ, सहा-आठ-आठ असं हळूहळू वर चढवलं. इतकी स्वच्छ मान मी पेन्सिलीच्या दिवसांतही काढली नव्हती, हे खोटं कशाला बोलू. मृणालीने प्रिंट काढून भिंतीवर लावली.

मंगळवार, १३ डिसेंबर

आज मृणाली मुलीच्या शाळेत गेली होती. मला फूटपट्टी हवी होती, म्हणून तिचा ड्रॉवर उघडला.

आत माझा माऊस होता. वायर व्यवस्थित गुंडाळून वर रबर लावलेलं. जळालेली वस्तू कोणी अशी ठेवत नाही.

कॉम्प्युटर बंद केला. माऊस मागे खोचला. परत चालू केला. माऊस चालला! पोर्टबिर्ट काही जळालं नव्हतं. पंधरा दिवस मला आकडे बडवायला लावले. माझी थट्टा, माझ्या वयाची थट्टा. मी रागाने बाण धरून चौथ्या बगळ्यावर नेला.

बाण थरथरत होता.

मी हात उचलला. बाण थांबला. हात ठेवला. बाण थरथरायला लागला. परत उचलला, परत ठेवला. माऊसवर ठेवलेला हात बघितला. खरं तर दोन वर्षांत मी कायम स्क्रीनकडेच बघितलं होतं, हाताकडे नाही. वाऱ्यावर कागद हलतो तसा तो हलत होता, आणि मी त्याला सांगत होतो थांब, आणि तो ऐकत नव्हता.

हा हात मी ओळखतो. हा बाबांचा हात आहे.

बाबा अंजूरच्या मिठागरात मुकादम होते. शेवटची दहा वर्षं त्यांचे हात असेच व्हायचे. वाटी उचलली की आमटी सांडायची. गावात म्हणायचे, पंढरीचा बाप सकाळीच लावतो. एका लग्नात त्यांना पंगतीतून उठवलं. बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. बाबासाहेबांची शपथ घेतलेला माणूस. पण हात खोटं बोलत होते आणि लोक हातांचं ऐकत होते. मीसुद्धा. पंधरा वर्षांचा असताना एकदा, ते झोपले होते तेव्हा, मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता.

माऊस परत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. रबर लावायला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

बुधवार, १४ डिसेंबर

मृणाली आल्या आल्या विचारलं, "माझा माऊस चांगला होता?"

ती खुर्चीवर बसली. पर्स अजून खांद्यालाच होती. "होता."

"मग खोटं का बोललीस?"

"काय सांगू मास्तर? शेठ म्हणाले, मास्तर घ्यायला लागलेत, बगळे वाकडे येतायत, त्या कामाला दुसरा माणूस आणतो. मी म्हटलं, शेठ, माऊस खराब आहे, मला पंधरा दिवस द्या."

तेव्हा मला शेठचं तोंडाजवळ येऊन उभं राहणं कळलं.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं. हात दुखतो का म्हणून विचारलं. तुम्ही टेबलाला नावं ठेवलीत. परत एकदा विचारलं, तेव्हा इन्व्हर्टरला." तिचा आवाज चढला. "घरात दोन पोरं, इथे तुम्ही! खरं सांगितलं तर ओरडणार, खोटं सांगितलं तरी ओरडणार. करायचं काय माणसाने?"

मी डबा उचलला आणि घरी आलो.

शनिवार, १७ डिसेंबर

दोन दिवस कामाला गेलो नाही. काल मीरासमोर कप धरून बसलो आणि म्हटलं, काठोकाठ भर. तिने भरला. मी उचलला. चहा बशीत, मांडीवर, जमिनीवर. मीरा फडकं घेऊन आली नाही. खाली बसली आणि रडली. म्हणाली, "दोन वर्षं झाली हो."

आज वनिताने ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तरुण माणूस, पण घाई नव्हती. बोट नाकाला लावायला सांगितलं. एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला सांगितलं. मग कागद देऊन म्हणाले, गोगलगायीसारखं आतून बाहेर गोल गोल काढा. सत्तावीस वर्षं नक्षी काढणाऱ्याला! मी काढलं. भूकंपात काढल्यासारखं आलं. डॉक्टरांनी कागद जपून फाइलला लावला.

"हात मांडीवर ठेवला की थांबतो, काम करायला गेला की थरथरतो. तुम्ही ज्या कंपवाताला घाबरून आलात तो हा मला वाटत नाही. हा निराळा. बऱ्याचदा घराण्यातून येतो. घरात कोणाला होता?"

"वडिलांना."

"ते घ्यायचे?"

"थेंबही नाही."

"मग त्यांनाही हेच असणार," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहायला लागले. गोळीने कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. जीवाला धोका नाही. भावंडांना आहे का? नाही म्हटलं. मोठी बहीण आनंदीताई अंजूरला असते, तिचं काही कधी ऐकलं नाही.

किती सहज बोलले ते. त्यांनाही हेच असणार. एवढं एक वाक्य तीस वर्षांपूर्वी कोणी गावात येऊन बोलायला हवं होतं.

सोमवार, १९ डिसेंबर

कामावर गेलो. मृणालीने माऊस आणून ठेवला. मी तो परत तिच्या टेबलावर ठेवला, तीन बटणं दाबली, टुंऽऽ.

"चौथा बगळा राहिलाय," म्हटलं.

"आणि माझी माफी?" ती म्हणाली. फटकळच आहे.

मागितली.

चौथा बगळा एका दिवसात काढला. शेवटचं घर भरलं तेव्हा पावणेसहा झाले होते. बोटं सुजली आहेत. चिडचिड आहेच. नम लॉक आज दोनदा आपोआप बंद झालं, कसं ते मृणालीलाही सांगता येईना.

मंगळवार, २० डिसेंबर

मॅडम अकराला येणार होत्या, एकला आल्या. प्रिंट बघितली. मान हलवली. मग म्हणाल्या, "दुसऱ्याची मान खाली हवी. मासा बघतोय अशी. आत्ता करून दाखवाल?"

शेठ घाईने म्हणाले, "मृणाली, तू बस."

मी म्हटलं, "मी बसतो."

बसलो. चार, चार, चार, चार, पाच. खाली लूम खडखडत होते. मॅडम वाकून बघायला लागल्या. "माऊस नाहीये तुमच्याकडे?"

मी हात थांबवला. पुढचं बोलताना मॅडमकडे नाही, शेठकडे बघितलं. "माऊस आहे. माझा हात थरथरतो म्हणून मी तो वापरत नाही. घराण्यातला आजार आहे, डॉक्टरांचा कागद आहे. माझ्या वडिलांनाही होता. आमच्या घरात कोणी पीत नाही."

बोलून झालं आणि वाटलं, आता काम गेलं.

मॅडम म्हणाल्या, "बरं. पण ती चोच जरा लांब झालीय."

चोच कमी केली. मग त्यांना मान आणखी खाली हवी झाली. मग वाटलं, पहिलीच बरी होती. मग मासाच दाखवा. मासा काढला, तर नको, मासा समजला पाहिजे, दिसायला नको! दोन-अडीच तास त्या बाईने मला छळलं. एकदाही माझ्या हाताची कीव केली नाही. हातामागच्या माणसाशी भांडत होत्या त्या. साडेतीनला नक्षी पास झाली.

मॅडम गेल्यावर शेठ दारात हातभर लांब उभे राहिले. "मास्तर, माझा बाप दारूनं गेला. घरातल्या कोनाचा हात हलला तरी मी आधी वास घ्यायचो. ती सवय लागली हाय मला."

म्हटलं, "मलाही लागली होती. पंधराव्या वर्षी."

त्यांना ते कळलं नसेल. मी समजावून सांगितलं नाही.

रविवार, २५ डिसेंबर

अंजूरला जाऊन आलो. आनंदीताईला बाबांचं सांगायचं होतं. पंगतीतून उठवलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, तिनेच हाताला धरून बाबांना घरी आणलं होतं.

ताई ओट्यावर बसली होती, हात पदराखाली. सूनबाईने चहा आणला. ताई म्हणाली, "खाली ठेव, थंड होऊ दे." मी सगळं सांगितलं. माऊस, बगळे, मृणाली, डॉक्टर. आणि शेवटी ते वाक्य, बाबांनाही हेच असणार.

ताईने समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे बघितलं. तिथे पूर्वी आमची भातशेती होती. मग तिने पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्यासमोर सरळ धरला.

हात थरथरत होता. माझ्यापेक्षा जास्त.

"किती वर्षं झाली?"

"धाकट्याचं लगीन झालं तवापासून. सात-आठ वर्सं झाली असतील."

मला इतका संताप आला. सात-आठ वर्षं! सूनबाईच्या हातचं खाते, चहा गार करून कप दोन हातांनी धरते, सुई सोडली, गोधड्या सोडल्या, आणि मी दर सणाला इथे येऊन जेवून गेलो. "मग बोलली का नाहीस?"

"लोकं म्हनतील म्हातारी प्याया लागली. बापावर गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तू रं? तू तरी कवा बोललास?"

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. दोन्ही हात थरथरत राहिले, एकाने दुसऱ्याला थांबवलं असं काही झालं नाही.

निघताना म्हटलं, "मंगळवारी तयार राहा. रिक्षा घेऊन येतो, ठाण्याला जायचंय डॉक्टरांकडे."

ताई म्हणाली, "सकालचाच ये. दुपारी नलाला पानी येतं, मला घरी पायजे."